हसवून मिळवलेली सही

"सही करतो की. पण बाई, फुकट नाही. आधी पुकारा करून दाखवा."

अण्णासाहेब म्हणजे आमच्या कोर्टातले बडे वकील. त्यांनी माझा अर्ज दोन बोटांत धरला होता. दुपारची सुट्टी. बाररूममध्ये वीस-पंचवीस काळे कोट, त्यातला चोविसावा की पंचविसावा माझा. बाई मी एकटी. बाकीचे बसलेले, मी उभी.

अर्ज वकील संघाच्या सभासदत्वाचा होता. त्यावर दोन सह्या लागायच्या, एक सूचकाची, एक अनुमोदकाची. सात महिने मी तो कागद पर्समध्ये घेऊन हिंडत होते. कुणी म्हणायचं, उद्या बघू. कुणी म्हणायचं, चष्मा घरी राहिला. एकानं तर पेन उघडलं, माझं आडनाव वाचलं आणि पेन बंद केलं. सभासद नाही म्हणजे बाररूममध्ये बसायचं नाही. तिथल्या कपाटातली कायद्याची पुस्तकं बघायची नाहीत. पक्षकार वकील शोधत येतो तो बाररूमच्या दारात. व्हरांड्यात उभ्या असलेल्या बाईला तो विचारतो, "वकीलसाहेब कुठं बसलेत?"

पुकारा म्हणजे काय ते सांगते. खटला निघाला की कोर्टाचा पट्टेवाला दारात येतो आणि माणसाला नावानं, बापाच्या नावानं, गावासकट तीनदा हाक मारतो. निजाम गेला, पण आमच्याकडं ती हाक उर्दूच राहिली. मला ती हुबेहूब यायची. व्हरांड्यातल्या टायपिस्टांना मी करून दाखवायचे. ते अण्णासाहेबांच्या कानावर गेलं होतं.

"कुणाचा करू?" मी विचारलं.

"घरचाच करा की. अर्जात वडिलांचं नाव लिहिलंयच. सटवा. आणि त्यांचे वडील?"

"राणबा."

"सटवा वल्द राणबा, राहणार तेर." अण्णासाहेबांनी सगळीकडं नजर फिरवली. "ऐकल्या ऐकल्या आरोपीच वाटतोय, नाही का?"

हशा.

आणि मग मी. काय सांगू तुम्हाला! गळ्यातला वकिली पांढरा बँड सरळ केला. पट्टेवाल्यासारखं पोट पुढं काढलं. दारात गेले, एक हात कानावर, एक चौकटीला. घसा खाकरला. सकाळीच दादा, म्हणजे माझे वडील, तेरहून एसटीनं आला होता. लेकीला काळ्या कोटात बघायला. उतरल्या उतरल्या त्यानं उपरण्यात बांधलेले हरभऱ्याचे ढाळे दाखवले होते, "तुज्या सायेब लोकान्ला आणल्यात." मी त्याला आवारातल्या लिंबाखाली बसवलं होतं आणि कामाच्या गडबडीत साफ विसरले होते. तर मी आवाज लावला:

"सटवा वल्द राणबाऽऽ, राहणार तेरऽऽ, हाजिर हैऽऽऽ?"

एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा केला आणि लिंबाखालून एक माणूस सुटला! एका हातात धोतराचा सोगा, दुसऱ्या हातात ढाळे, एक चप्पल मागं राहिलेली. पायऱ्या एका दमात चढला, बाररूमच्या दारात थांबला, हात जोडले, तेही ढाळ्यांसकट.

"हजर हाय सायेब, हजर हाय! काय गुन्हा झाला?"

कुणाच्या तरी कोटावर चहा सांडला. कुणी टेबलावर डोकं ठेवून हसत होतं. अण्णासाहेबांनी डोळे पुसले आणि सही केली. शेजारच्यानं त्याच पेनानं अनुमोदन दिलं. ढाळे टेबलावर आले. दादा दारातच उभा. आत या, असं कुणी म्हणालं नाही. मीही नाही. साहेब लोक हरभरे सोलून खात राहिले आणि माझ्या अर्जावर हिरवी टरफलं पडली. ती झटकून मी अर्ज उचलला.

मीही हसत होते. सगळ्यांत मोठ्यानं.

हा प्रसंग वर लिहिलाय ना, अगदी तसाच मी नऊ वर्षं सांगत आले. हाच पोटाचा आविर्भाव, हीच मागं राहिलेली चप्पल. नवा न्यायाधीश बदलून आला, त्याचं स्वागत, की बाई, पुकारा होऊ द्या. कुणाचा निरोप समारंभ, की बाई, पुकारा. सहलीला रामलिंगला गेलो, तर तिथंही जेवणानंतर मंडळी झाडाखाली गोल करून बसली आणि मी मधे उभी. मला आवडायचं ते. खोटं कशाला सांगू? माणसं माझ्या तोंडाकडं बघत थांबलीत, आता मी थुंकी गिळली तरी हसतील, ही नशा दारूपेक्षा वाईट.

त्या नशेत माझी वकिली चालली. दूध संघाची आणि दोन-तीन सोसायट्यांची कामं अण्णासाहेबांकडं होती. त्यातली बारकी बारकी ते माझ्याकडं टाकायचे. "आमची बाई लई मजेदार," असं म्हणून. हुशार आहे, असं कधी म्हणाले नाहीत. मजेदार म्हणाले. मी तेवढ्यावर खूष.

त्या नऊ वर्षांत दोन मुली कोर्टात आल्या. दोघी माझ्याकडं आल्या. बाई बघून आल्या. एकीला मी सांगितलं, "इथं टिकायचं तर कातडी जाड कर." दुसरीलाही तेच. छान वाक्य आहे, म्हणायला काही लागत नाही. तोवर माझी पाच वर्षं भरली होती. नियमानं मी कुणाचीही सूचक होऊ शकत होते. पेन माझ्याकडंही होतं. पण बाईनं बाईच्या अर्जावर सही केली तर मंडळी म्हणतील, ही आता बायकांचा गट करायला लागली. मला गट नको होता. मला तो गोल हवा होता, मधे मी एकटी असलेला. पहिली सहा महिन्यांत कळंबला शाळेत लागली. दुसरी लग्न करून गेली. दोघींची नावं मला आठवायला आता वेळ लागतो.

मग शालन आली.

तेरखेड्याची. आई फटाक्यांच्या कारखान्यात दारू भरायला जायची. आईची बोटं कायमची करडी झालीत, हात धुतले तरी, असं शालननंच मला सांगितलं. अंगानं काडी, आवाज बारीक, पण डोळा पक्का. कागदाकडं बघायची तशीच माणसाकडं बघायची, वरच्या ओळीपासून खालच्या सहीपर्यंत. सोलापूरला कायदा शिकून आलेली. पहिल्याच दिवशी माझ्या पाया पडायला वाकली.

"ताई, मला तुमच्या हाताखाली शिकायचंय. धाराशिवच्या कोर्टात बाई वकील हाय म्हणून ऐकलं, तवाच ठरीवलं."

मला गुदगुल्या झाल्या. तिला ठेवून घेतलं. आठ महिने ती माझ्या दाव्यांच्या नकला करत होती, तारखा मागत होती, माझ्यासाठी व्हरांड्यात ताटकळत होती. वकीलपत्रावर तिचं नाव मी एकदाही घातलं नाही. तिनं मागितलं नाही, मी दिलं नाही. माझ्या सीनिअरनं माझंही घातलं नव्हतं. तसंच असतं, असं मला वाटायचं.

एक दिवस तिनं अर्ज पुढं केला.

"ताई, सूचक म्हणून तुमी सही करताव का?"

मी अर्ज बघितला. तोच छापील कागद. तेच दोन रिकामे रकाने.

"माझ्या सहीला काय वजन आहे गं? अण्णासाहेबांकडं जा. त्यांनी केली की कुणी नाही म्हणत नाही."

"पर तुमची चालती ना नियमानं?"

"चालते. पण मोठ्यांची घ्यावी."

ती गेली. मी तिच्या मागोमाग गेले. मदत करायला गेले असं म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. मी बघायला गेले होते.

तीच दुपारची सुट्टी. अण्णासाहेब आता जाड झाले होते, बाकी खोली तशीच. त्यांनी अर्ज दोन बोटांत धरला.

"तेरखेडा! म्हणजे पोरगी आवाज काढणार." हशा. "आमच्या बाईंनी पुकारा करून सही मिळवली. तू काय करतीस?"

"अर्ज भरलाय की, सायेब. आनखी काय करायचं असतंय?"

तिला खरंच कळलं नव्हतं. मंडळी आणखी हसली. अण्णासाहेब माझ्याकडं वळले. "काय बाई, शिष्येला काही शिकवलं नाही वाटतं. दाखवा तिला."

आणि मी उठले. पाय आपोआप उठले. बँड सरळ केला. पोट पुढं काढलं. सगळा किस्सा पहिल्यापासून सांगितला. एसटी, ढाळे, लिंब, विसरले. हशा जिथं जिथं यायचा तिथं तिथं आला. चप्पल मागं राहिली तेव्हा तर टेबलं वाजली. घाम पुसत मी शालनकडं वळले.

"चल गं. आता तू. आईचं नाव काय तुझ्या?"

ती हसली नव्हती. ती माझ्याकडं वरच्या ओळीपासून खालच्या सहीपर्यंत बघत होती.

"ताई, येक इचारू?"

"विचार."

"दादा बाहीर बसल्यात, हे तुमाला ठाव नव्हतं?"

"विसरले होते म्हटलं ना."

"ढाळे त्यांनी कवा दाखीवले?"

"सकाळी. दादा एसटीतून उतरला तेव्हा."

"लिंबाखाली कुणी बसीवलं?"

"मी."

"बाररूमच्या दारातून त्यो लिंब दिसतुय. आत्ताबी दिसतुय. तुमी दारात हुबं राहून हाक मारली. समोर दादा बसलेले. आन तुमाला दिसले न्हाईत?"

खोलीत कुणीतरी फुस्सकन हसलं आणि थांबलं. साक्षीदाराला पिंजऱ्यात घेतात तसं तिनं मला घेतलं होतं. शांतपणे, आवाज न चढवता, एकेक पायरी. आठ महिन्यांत मी तिला एकही उलटतपासणी घेऊ दिली नव्हती. तिची पहिली उलटतपासणी मीच झाले.

नऊ वर्षं पंचवीस वकील हा किस्सा ऐकत होते. एकालाही हा प्रश्न पडला नव्हता.

"ताई, ठाव हुतं का न्हवतं?"

"होतं," मी म्हणाले.

शालननं अण्णासाहेबांच्या बोटांतून अर्ज अलगद काढून घेतला. "मला पुकारा येत न्हाई, सायेब. वकिली येती." आणि ती बाहेर गेली. बाररूमच्या बाहेर, व्हरांड्यात, तिच्या रोजच्या जागी.

आता मी खरं काय ते लिहिते. यात हसायला काही नाही, त्यामुळं कुणी वाट बघू नये.

मला ठाऊक होतं दादा बाहेर आहे. मी दारात गेले तेव्हा तो मला दिसला. लिंबाला टेकून, उपरणं मांडीवर घेऊन, कोर्टाच्या दाराकडं बघत बसलेला. तो तसाच बसणार हेही मला ठाऊक होतं. मी सात वर्षांची असताना गायरानाच्या जमिनीवरून आमच्या वस्तीतल्या लोकांवर खटला झाला होता. तारखेला दादा दिवसभर बसून राहिला आणि शेवटी नळावर पाणी प्यायला गेला. तेवढ्यात त्याचा पुकारा झाला. तो नाही. वॉरंट निघालं. तीन दिवस आत. त्यानंतर कोर्टाच्या आवारात दादा पाणी प्यायचा नाही. लघवीलाही उठायचा नाही. नाव ऐकलं की पळायचा. म्हणून तर त्यानं मला वकील केलं. बहात्तरच्या दुष्काळात येडशीच्या रस्त्यावर आम्ही बापलेक खडी फोडत होतो, तेव्हा माझ्या हातातला हातोडा काढून घेऊन तो म्हणाला होता, "तू आब्यास कर. तुज्या वाटची म्या फोडतो."

तो पळत येणार, हे मला ठाऊक होतं. आला तर हे लोक हसतील, हे ठाऊक होतं. हसले तर सही होईल, हेही ठाऊक होतं. दुसरी हाक मारून मी थांबू शकत होते. तिसरी मी मोठ्यानं मारली.

आणखी एक. "काय गुन्हा झाला?" असं दादा म्हणालाच नाही. ते वाक्य माझं. दुसऱ्यांदा किस्सा सांगताना सुचलं, हशा आला, ठेवलं. दारात हात जोडून दादा जे म्हणाला ते असं:

"हजर हाय सायेब. पोरीचं काय चुकलं आसंल तर मला सांगा."

त्यानं आवाज ओळखला होता. पट्टेवाल्याचा नव्हे, माझा. पोरगी अडचणीत आहे असं समजून तो आला होता. एवढ्या लांबच्या हाकेत त्याला एवढं कळलं. मी त्याचं वाक्य काढलं आणि त्याच्या तोंडी माझं घातलं. साक्षीदाराचा जबाब असा कुणी बदलला असता तर मी कोर्टात त्याची सालटी काढली असती.

त्या दिवशी परत जाताना एसटी स्टँडवर दादानं विचारलं होतं, "झाली का सही?" मी म्हणाले, झाली. "मग बरं झालं," म्हणाला. त्यानंतर तो धाराशिवला आला की स्टँडवरच भेटायचा. कोर्टाकडं आला नाही. मी का ते विचारलं नाही. शालन यायच्या दोन वर्षं आधी तो गेला. माफी मागायला माणूस उरला नाही. हे मी कुणी हळहळावं म्हणून सांगत नाही. उशीर मी केलाय.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात जाऊन मी शालनच्या अर्जावर सूचक म्हणून सही केली. ती "थँक्यू" म्हणाली नाही. म्हणायचं कारण नव्हतं. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक वकीलपत्रावर तिचं नाव जातं.

संघाच्या सभेत अर्ज आला. मी उभी राहिले, वाचून दाखवला, म्हटलं, मी सूचक. अनुमोदक कोण? अण्णासाहेब छताकडं बघत होते. बाकीचे अण्णासाहेबांकडं. माझ्या पुकाऱ्यावर नऊ वर्षं टाळ्या दिलेले सगळे हात टेबलाखाली होते. सेक्रेटरी लिहायला लागला, "अर्ज पुढील सभेपर्यंत तहकूब."

"तसं लिहू नका," मी म्हटलं. "अनुमोदनास कुणीही पुढे आले नाही, असं लिहा. आणि हजर सभासदांची नावं खाली घ्या. माझ्यासकट. तोवर इतिवृत्तावर माझी सही नाही."

त्यानं लिहिलं. कुरकुरत लिहिलं, पण लिहिलं.

त्या आठवड्यात दूध संघाची कामं माझ्याकडून गेली. "बाईंचं डोकं फिरलंय," असं अण्णासाहेब म्हणाले म्हणे. मजेदार म्हणाले नाहीत, ही एक प्रगती.

मी कळंबला गेले. पहिली जी मुलगी आली होती, तिच्या शाळेत. मधल्या सुट्टीत तिला गाठलं. म्हटलं, सनद काढ, परत ये, सही मी करते.

"बाई, तेव्हा काय झालं होतं तुमच्या हाताला?" तिनं विचारलं.

तिनं चहा विचारला नाही. बरोबर केलं. मी पुन्हा जाणार आहे.

राहिली पुस्तकं. शालन सभासद नाही, म्हणून तिला कपाटाला हात लावता येत नाही. मी तिच्यासाठी पुस्तकं बाहेर नेली, तर आठ दिवसांत नोटीस लागली, पुस्तके बाररूमबाहेर नेऊ नयेत. ठीक. नियम म्हणजे नियम. मोठ्यानं वाचू नयेत, असा नियम नाही.

म्हणून आता मी रोज दुपारच्या सुट्टीत व्हरांड्याकडच्या खिडकीजवळ उभी राहते आणि निकाल वाचते. सगळा निकाल, पहिल्या परिच्छेदापासून, वादी, प्रतिवादी, मुद्दे, कारणमीमांसा. देवानं आवाज दिलाय तो पूर्ण लावून. बाहेर शालन वही घेऊन लिहून घेते. चुकलं तर बाहेरून विचारते, "ताई, कलम कोणतं म्हणलाव?" मी परत वाचते. मंडळींची वामकुक्षी मोडते. पत्ते खेळणाऱ्यांचे हात चुकतात. परवा खिडकीखाली शालनच्या शेजारी आणखी एक मुलगी येऊन बसली. कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे म्हणाली. मी नाव विचारलं आणि लिहून ठेवलं.

काल अण्णासाहेब म्हणाले, "बाई, पुरे झालं नाटक. जरा हळू वाचा."

"नाही," मी म्हटलं.

पुढच्या सभेत अर्ज परत येईल. त्याच्या पुढच्या सभेतही. सूचक मी असेन. अनुमोदक मिळेपर्यंत इतिवृत्तात प्रत्येक वेळी हजर माणसांची नावं लिहून घेईन. आणि मिळेपर्यंत रोज दुपारी हे निकाल ऐकल्याशिवाय या खोलीत कुणाला झोप मिळणार नाही. कपाटात अजून तीन फळ्या बाकी आहेत.